मिठाच्या जागी काय ठेवू?



मागच्या अंकातील आरोग्याच्या पाठात आपण जुलाब झालेल्या मुलासाठी साखर-मिठाचे पाणी कसे करायचे ते शिकलो. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. या वेळचा पाठ मीठ कमी करण्यावर आहे असे सांगताच धडगावकडच्या आमच्या एका आरोग्यसेविकेने विचारले, "ताई, तीन महिन्यांपूर्वी मीठ पाजायला सांगितले, आता काढायला सांगता. आम्ही पाड्यावर जाऊन नक्की बोलायचे तरी काय?"

तिचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर. जुलाबात शरीरातून पाणी आणि मीठ दोन्ही निघून जातात. जे गेले ते भरून द्यावे लागते, त्या वेळी मीठ हे औषध आहे. तो सल्ला आजही तसाच पाळायचा. रोजच्या जेवणाची गोष्ट वेगळी. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ग्रॅम म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात भाजी, डाळ, चटणी, लोणचे, फरसाण सगळे आले. आपल्या देशात सरासरी माणूस याच्या दुपटीच्या आसपास मीठ खातो. जास्तीचे मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्यांत रक्ताचा दाब वाढतो, आणि हा वाढलेला दाब वर्षानुवर्षे हृदय, मूत्रपिंड आणि मेंदू यांना त्रास देत राहतो. दुखत काहीच नाही. अचानक एके सकाळी हात उचलत नाही, तोंड वाकडे होते, तेव्हा घरचे म्हणतात, काल तर चांगला होता.

आता आमची चूक सांगते. कित्येक वर्षे आम्ही दवाखान्यात रक्तदाब मोजला, गोळ्या दिल्या आणि कागदावर "मीठ कमी" एवढे दोन शब्द लिहून माणूस घरी पाठवला. रविवारच्या उपासनेनंतर मंडळी अंगणात बसते तेव्हाही तेच सांगितले. बायका माना डोलवायच्या. पुढे काय व्हायचे ते आम्हाला नंतर घरोघर गेल्यावर कळले. घरात ज्याला रक्तदाब आहे त्याच्यासाठी तीच भाजी मीठ न घालता वेगळी काढून ठेवायची. तो आठ दिवस मुकाट्याने खायचा. नवव्या दिवशी भाकरीबरोबर मिरची-मिठाची गोळी मागून घ्यायचा, ज्यात भाजीपेक्षाही जास्त मीठ. पुढच्या महिन्यात रक्तदाब तितकाच. आम्ही गोळ्या वाढवायचो.

ही गाठ एका आजींनी सोडवली. त्यांचा मुलगा ऊसतोडीला जाणारा, वय पन्नाशीच्या आतले, त्याला लकवा होऊन गेला होता. मी नेहमीचे बोलून उठणार, तर आजी पावरीत म्हणाल्या त्याचा अर्थ असा, "मीठ काढ म्हणतेस, पण त्याच्या जागी काय ठेवू ते सांगत नाहीस. जागा रिकामी राहिली तर मीठ परत येणारच."

त्या दिवसापासून आम्ही हा पाठ उलट्या बाजूने शिकवतो. आधी भरायचे, मग काढायचे.

पुडीवर तारीख लिहा

भरण्याआधी घरात मीठ किती जाते ते पाहू. त्यासाठी तराजू लागत नाही. मिठाची १ किलोची नवी पुडी फोडली की तिच्यावर पेनाने किंवा कोळशाने तारीख लिहा. घरात पाच मोठी माणसे असतील तर प्रत्येकी ५ ग्रॅम म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम. त्या हिशेबाने पुडी ४० दिवस पुरली पाहिजे. मुले असतील तर आणखी थोडी जास्त, कारण मुलांना मीठ कमी लागते. पुडी वीस दिवसांत संपली तर तुमचे घर माणशी १० ग्रॅम खाते आहे. लोणचे आणि दुकानातली खारी पुडकी यांतले मीठ त्यात धरलेलेच नाही.

हा हिशेब एका महिला मंडळात केला तेव्हा एका ताईंची पुडी अकरा दिवसांत संपत असल्याचे निघाले. सगळ्या जणी त्यांच्याकडे पाहू लागल्या. बऱ्याच विचारपूशीनंतर उलगडले की त्याच पुडीतले मूठभर मीठ रोज बैलांच्या आंबोणात पडत होते. तेव्हा जनावरांचे मीठ वेगळे ठेवा, म्हणजे हिशेब खरा निघेल.

आजींच्या पिढीला हा हिशेब सांगावा लागत नव्हता, कारण मीठच महाग होते. डोंगराळ भागात समुद्रापासून मीठ पोचायचे ते व्यापाऱ्याच्या हातून. बस्तरकडे तर मिठाच्या मापाला चारोळीचे माप देऊन आदिवासींनी व्यापार केला आहे, ज्या चारोळीचे आज बाजारात काय दर आहेत ते आपण जाणतोच. जे महाग ते जपून वापरायचे, आणि चव आंबट, तिखट, भाजलेले, वाळवलेले यांतून काढायची. म्हणजे आपण आज शिकतो आहोत ते नवे काही नाही. मीठ स्वस्त झाले आणि हात सैल सुटला, एवढेच.

चव कुठून आणायची

जिभेची एक खोड आहे. पदार्थाला थोडा आंबटपणा असला की त्यात आहे त्यापेक्षा मीठ जास्त आहे असे तिला वाटते. म्हणूनच पाणचट वरणात लिंबू पिळले की वेगळे मीठ मागावेसे वाटत नाही. दुसरे म्हणजे वास. भाजलेले जिरे, तडतडलेला कढीपत्ता, लसूण यांचा वास नाकात गेला की चव पुरी झाल्यासारखी वाटते. तिसरे, भाजण्याची खरपूस चव. या तिन्ही गोष्टी आपल्या भागात अंगणात किंवा रानात आहेत. नुसते तिखट वाढवताना मात्र जपावे, तिखटाबरोबर मीठही जास्त पडू शकते. ठेचा हे त्याचे उत्तम उदाहरण.

सध्या कैऱ्यांचे दिवस आहेत. धडगाव परिसरात घरोघरी कैऱ्या सोलून फोडी उन्हात घातल्या आहेत. आमचूर विकायला नेताना पांढऱ्या, स्वच्छ फोडींना भाव येतो आणि काळपट फोडी मागे राहतात. त्या टाकू नका. बुरशी नसेल तर रंग काळा पडल्याने आंबटपणा कमी होत नाही. घरच्या मसाल्याला त्या उत्तम. मात्र ज्या फोडींवर पांढरी-हिरवी लव दिसते किंवा कुबट वास येतो त्या फेकूनच द्यायच्या, धुऊन वापरायच्या नाहीत. आणि यंदा घरासाठी म्हणून पाच-सहा ओंजळी फोडी दगडावर न घालता स्वच्छ कापडावर वाळवा. खडकावरची धूळ आणि शेळ्यांची वर्दळ व्यापाऱ्याला चालते, आपल्या पोटाला नाही.

पहिला मसाला भाजी-डाळीवर घालायचा. त्यासाठी चार चमचे धणे, दोन चमचे जिरे आणि अर्धा चमचा ओवा मंद आचेवर वेगवेगळे भाजा. एकत्र भाजले तर धणे होईपर्यंत ओवा जळतो आणि सारा मसाला कडू होतो. चार-पाच सुक्या लाल मिरच्या नुसत्या गरम करून घ्या. मूठभर कढीपत्ता सावलीत वाळवा, उन्हात त्याचा वास उडतो. लसणीच्या पंधरा-वीस पाकळ्या पातळ चिरून कडक उन्हात तीन-चार दिवस ठेवा. काप वाकत असेल तर अजून ओला आहे, कट्‌कन मोडला की झाला. सगळे पूर्ण गार झाल्यावर कुटा किंवा जात्यावर दळा, आणि अगदी शेवटी तीन चमचे आमचूर मिसळा. आमचूर भाजायचे नाही आणि गरम मसाल्यात घालायचे नाही, त्याला ओल सुटते आणि गोळे होतात. यात मीठ अजिबात नाही. चार-पाच माणसांच्या भाजीला उतरवताना एक ते दीड चमचा पुरतो.

लसूण पूर्ण वाळवण्यावर मी एवढा भर देते त्याला कारण आहे. ओली लसूण तेलात बुडवून दिवसेंदिवस बाहेर ठेवली तर तिच्यात डोळ्यांना न दिसणारे, वासालाही न कळणारे विष तयार होऊ शकते. म्हणून ओल्या लसणीची चटणी त्या दिवसापुरतीच करावी, आणि साठवायचा मसाला कोरडाच असावा.

दुसरी भाकरीबरोबरची चटणी. मिरची-मिठाच्या गोळीची जागा हिला घ्यायची आहे, त्यामुळे ही चवीला जोरदार हवी. एक वाटी तीळ, अर्धी वाटी शेंगदाणे, मिळत असतील तर अर्धी वाटी कारळे, सगळे वेगवेगळे खमंग भाजायचे. सहा-सात लाल मिरच्या, वरच्यासारखी वाळवलेली लसूण दोन चमचे, आणि आंबटासाठी वाळवलेल्या लाल अंबाडीच्या पाकळ्या मूठभर. अंबाडी नसेल तर दोन चमचे आमचूर. जाडसर कुटा. पहिल्या महिन्यात ही चटणी मिठावाचून नकोशी वाटली तर एवढ्या सगळ्या चटणीत मिळून पाव चमचा मीठ घाला, लाज वाटून घेऊ नका. पूर्वीच्या गोळीत चिमटीभर चटणीला तेवढे जात होते. तीळ-शेंगदाण्यात तेल असल्याने ही तीन-चार आठवड्यांनी खवट होते. थोडी थोडीच करा.

तिसरे अगदी सोपे, आणि मला स्वतःला सर्वांत आवडणारे. अंबाडीची कोवळी पाने सावलीत कुरकुरीत वाळवून हाताने चुरायची. शिजलेल्या तुरीच्या किंवा कुळथाच्या डाळीत मूठभर चुरा घालून एक उकळी आणायची, वर जिरे-लसणीची फोडणी. पाहुण्यांना वाढून पाहा. मीठ कमी आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही, "आज डाळीत काय घातले?" एवढेच विचारतात.

आता काढायची पाळी. हे मसाले घरात आले आणि आठ दिवस जिभेला रुळले की भाजीत रोज जेवढे मीठ घालता त्यातला चौथा भाग कमी करा. पंधरा दिवसांनी आणखी चौथा भाग. एकदम अर्धे करू नका. जिभेला नवी सवय लागायला काही आठवडे लागतात, पण लागते. दोन महिन्यांनी लग्नाच्या पंगतीतली भाजी तुम्हालाच खारट लागेल. मीठ भाजी उतरताना घाला, सुरुवातीला शिजवताना नव्हे. वरच्यावर राहिलेले मीठ जिभेला लवकर कळते, म्हणून थोडे पुरते. ताटात वेगळे मीठ वाढायची रीत असेल तर ती मोडा. आणि महत्त्वाचे म्हणजे रक्तदाबाच्या माणसासाठी वेगळे शिजवू नका. साऱ्या घराने तेच खायचे. एकट्याने बेचव खाणे हे शिक्षेसारखे वाटते, आणि शिक्षा कोणी फार दिवस भोगत नाही.

मीठ बंद करायचे नाही, आणि मिठाची जात बदलायची नाही

इथे एक धोका आहे, तो सेविकांनी नीट समजून घ्यावा. आपण मीठ कमी करतो आहोत, बंद नाही. आणि जे थोडे खायचे ते आयोडीनचेच. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून गळ्याला गाठ आलेल्या बाया आपल्या आधीच्या पिढीने पुष्कळ पाहिल्या आहेत. जमिनीत आयोडीन कमी, म्हणून अन्नात कमी, म्हणून ते मिठातून दिले जाते. गरोदरपणी आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला देशात १७ मे २००६ पासून बंदी आहे, तरी हातगाडीवर खड्यांचे मीठ स्वस्तात येतेच. ते बैलांना ठीक. घरासाठी बंद पुडीतले आयोडीनयुक्त मीठ घ्या, झाकणाच्या डब्यात ठेवा, चुलीच्या वाफेपासून लांब. मीठ शेवटी घालण्याचा आणखी एक फायदा इथे आहे, शिजताना आयोडीन उडून जाते ते वाचते.

शहरातून आलेले नातेवाईक सांगतात की सैंधव खा, काळे मीठ खा, ते चालते. चालत नाही. रक्तदाब वाढवणारा सोडियम त्यातही जवळजवळ तेवढाच असतो, आणि आयोडीन बहुधा नसते. दुकानात "कमी सोडियमचे मीठ" म्हणून मिळते त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते. निरोगी मोठ्या माणसाला ते उपयोगी पडू शकते, पण ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या घेणाऱ्यांनाही तो धोका आहे, आणि आपल्या सरकारी दवाखान्यांतून रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन सर्रास दिली जाते. म्हणून हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही घेऊ नये. लहान मुले आणि गरोदर बाया यांना तर नकोच. मूत्रपिंडाच्या रुग्णाने आपल्या या घरच्या चटण्याही आधी डॉक्टरांना सांगून मगच खाव्यात.

गरोदर बाईच्या पायांना सूज आली की सासू तिचे मीठ तोडते, हेही आम्ही पाहतो. त्याने बाळंतवाताचे झटके टळत नाहीत. सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी यातले काही असेल तर मिठाचा विचार न करता त्याच दिवशी रक्तदाब मोजायला आणा.

आणि गोळ्या. मीठ कमी केल्याने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा साधारण चार-पाचांनी उतरतो. ते मोलाचे आहे, पण १७० असलेल्याचे १३० होत नाहीत. "आता चटणी खातो, गोळी कशाला" असे कोणी म्हणू लागला तर सेविकेने तिथेच थांबवावे.

दुकानातल्या पुड्यांबद्दल थोडक्यात. पुडीच्या मागे घटकांची यादी असते, जे जास्त ते आधी लिहिलेले. भाजीच्या तयार मसाल्यात "मीठ" पहिल्या दोन-तीन शब्दांत दिसले तर समजावे की आपण मसाल्याच्या भावाने मीठ विकत घेतो आहोत. "सोडियम" असा आकडा असेल तर त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते निघते. आठवी-नववीतल्या मुलांना हे गणित करायला लावा, त्यांना मजा वाटते. झटपट शेवयांच्या एका पुड्यात दोन-अडीच ग्रॅम मीठ सहज असते, म्हणजे अर्ध्या दिवसाचे. मुले ऐकतच नसतील तर त्यातली मसाल्याची पुडी अर्धीच घाला. खारवलेले सुके मासे शिजवण्याआधी पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्या. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, तोही सोडियमच.

शेवटी ऊसतोडीला जाणाऱ्यांबद्दल. दिवाळीनंतर आपली कितीतरी घरे कोयता घेऊन निघतात आणि पाच-सहा महिने फडावर राहतात. तिथे भाजी रोज मिळत नाही. भाकरी आणि मिरची-मीठ हेच जेवण, आणि वर्षातले सर्वांत जास्त मीठ याच महिन्यांत पोटात जाते. घामाने मीठ जाते म्हणून जास्त खावे लागते असे पुरुष सांगतात. उन्हात राबणाऱ्याला पाणी भरपूर लागते हे खरे, पण रोजच्या जेवणातले मीठ त्या घामाला सहसा पुरून उरते. चक्कर, पायात गोळे, उलट्या असे काही झाले तर साखर-मिठाचे पाणी द्यायचेच, तो मागच्या अंकातला पाठ.

म्हणून घरच्या मसाल्यासाठी आमचूर, लसूण, अंबाडी आताच, पहिला पाऊस पडायच्या आत वाळवून ठेवा. सगळे अख्खेच ठेवा, कुटू नका, पावसाळ्यात भुकटी ओल धरते आणि वास जातो. काचेची बरणी किंवा घट्ट झाकणाचा डबा, तळाशी कोरड्या कापडाची घडी, आणि हात घालताना हात कोरडा. श्रावणात एकदा उघडी मिळेल त्या दिवशी उन्ह दाखवा. निघायच्या आठवड्यात कुटून छोट्या डब्यांत भरा. माणशी एक डबा पहिला महिना जातो, पुढच्यासाठी अख्खा माल सोबत न्या, फडावर दगडाने कुटता येतो.

ज्या आजींनी प्रश्न विचारला होता त्यांचा मुलगा आता फडावर जात नाही. त्याची सून जाते. गेल्या दिवाळीत तिच्या बोचक्यात आजींनी तीन डबे आणि मिठाची एकच पुडी बांधून दिली, पुडीवर कोळशाने तारीख लिहून. संक्रांतीला तिचा फोन आला तेव्हा पुडी अजून निम्मी शिल्लक होती.

तुमच्या घरची पुडी किती दिवस पुरली ते सेविकेजवळ सांगा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन येईल.